एकच सातू, दोन तक्ते

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९३१ आणि १९३२ या दोन हंगामांत सातूच्या दहा वाणांची सहा ठिकाणी चाचणी झाली. इमर, हेज आणि पॉवर्स या संशोधकांनी ती आकडेवारी १९३४ साली छापली. पुढच्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ‘द डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स’ या ग्रंथात तिचा काही भाग उदाहरणादाखल घेतला. दहा वाण, सहा ठिकाणे, दोन वर्षे, म्हणजे १२० आकडे. आज ते स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेणे अगदी सोपे आहे. पण ते मांडायचे कसे, हे आधी ठरवावे लागते.

एक्सेलमध्ये विचरणाच्या विश्लेषणासाठी, म्हणजे अनोव्हासाठी, दोन घटकांपर्यंतचीच सोय आहे. सातूच्या आकड्यांत मात्र घटक तीन आहेत. त्यातला एक बाजूला सारून त्याला ‘पुनरावृत्ती’ म्हणावे लागते.

समजा, वाण आणि वर्ष हे दोन घटक धरले आणि सहा ठिकाणांना पुनरावृत्ती मानले. तक्ता लगेच तयार होतो. १९३१ चा उतारा एकूण सरस होता, एवढे त्यातून कळते. मग ठिकाण आणि वर्ष हे घटक धरून दहा वाणांना पुनरावृत्ती मानले, तर आंतरक्रियेची ओळ बोलू लागते. पाच ठिकाणी १९३१ चे पीक जास्त होते, मॉरिस या एकाच ठिकाणी १९३२ चे. पहिल्या मांडणीत हीच गोष्ट त्रुटीच्या ओळीत गडप झाली होती. आकडे तेच, गणित दोन्हीकडे बिनचूक, आणि दुसऱ्या मांडणीतही वाण ही काही खरी पुनरावृत्ती नव्हे. एक्सेल यातले काहीच विचारत नाही. त्याला फक्त प्रत्येक गटात किती ओळी, एवढेच हवे असते.

संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड यांनी १९९३ साली आलेख काढून दाखवले, की मॉरिसच्या नोंदींत वर्षांची अदलाबदल झालेली असावी. २०१३ साली केविन राइट यांनी आणखी वर्षांची आकडेवारी आणि हवामान तपासून, त्या नोंदी खऱ्याही असू शकतात, असे मांडले. यातले काहीही खरे असो, हा प्रश्न पडतो तो ठिकाण हा घटक डोळ्यांसमोर ठेवल्यावरच.

अनोव्हाच्या तक्त्यातले ‘एफ’ हे अक्षर जॉर्ज स्नेडेकर यांनी फिशर यांच्या सन्मानार्थ ठेवले. आयोवातल्या एम्स इथे १९३३ साली सुरू झालेल्या सांख्यिकी प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. एम्सच्याच विद्यापीठ प्रकाशनाने १९५४ साली पां. वा. सुखात्मे यांचा नमुना पाहणीवरचा ग्रंथ काढला, आणि त्याच वर्षी भारतात पानसे-सुखात्मे यांचे शेतीसंशोधकांसाठीचे पुस्तक आले. त्या पिढीला प्रत्येक बेरीज हाताने किंवा साध्या यंत्रावर करावी लागे. साहजिकच कोणती बेरीज कशासाठी, हे आधी ठरवूनच कामाला लागावे लागे. आता तो विचार टाळता येतो, आणि शिकवण्यातली खरी उणीव इथे आहे.

‘स्प्रेडशीट सोडा, आर शिका’ हा सल्ला योग्य आहे, पण पुरेसा नाही. (आर ही सांख्यिकीसाठीची संगणकभाषा.) पुनरावृत्ती कशाला मानली, हे आरमध्येही माणसालाच सांगावे लागते. एखादा कप्पा रिकामा असला की एक्सेल अडून बसते आणि घाईतला विद्यार्थी तिथे शून्य टाकून मोकळा होतो. शेतात शून्याचा अर्थ पीक पूर्ण बुडाले असा होतो, नोंद राहून गेली असा नव्हे.

म्हणून महाविद्यालयांनी अनोव्हाच्या प्रात्यक्षिकातली गुणांची वाटणी बदलावी. प्रत्येक गटाची सरासरी, दोन्ही घटकांच्या रेघांचा आलेख आणि पुनरावृत्ती कशाला व का मानली याची दोन वाक्ये, यांना निम्मे गुण द्यावेत. तक्त्यातल्या पी-मूल्याचा अर्थ उरलेल्या निम्म्यात तपासावा.