बोलायचे कोणी?

तालुक्याच्या बैठकीत माईकवर नेहमीचे तिघे-चौघे. ओलाव्याच्या नावाखाली ज्याच्या कापसाचा भाव पाडला, तो मागे मांडी घालून गप्प. बैठक उठली की चहाच्या टपरीवर तोच असा बोलतो की ऐकत राहावे! सभेत का नाही बोललास? तर म्हणे, "आपल्याला भाषण कुठं येतं, भाऊ."

आपला कापूस लोअर परळ-लालबागच्या ज्या गिरण्यांत जाई, तिथल्या कामगारांना तरी कुठे येत होते? जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांची सभा भरवली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या गर्दीपुढे दोन कामगार बाया उभ्या राहून बोलल्या, तेही माईकशिवाय. १० जून १८९० ला रविवारची सुटी पदरात पडली. पुढे पाळी सुटताना गिरणीच्या दारात होणाऱ्या द्वारसभा हीच कामगारांची शाळा झाली.

आता त्या गिरण्या राहिल्या नाहीत. फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा आहे, आजूबाजूला कचेऱ्या. पण कचेरीतली शिकलेली माणसेसुद्धा बोलायला शिकण्यासाठी वर्गणी भरून क्लबात जातात. टोस्टमास्टर्स नावाची ही चळवळ १९२४ साली अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी सुरू केली. मुंबईतही तिचे क्लब आहेत. रीत साधी. पाच ते सात मिनिटे बोलायचे. एकजण घड्याळ धरतो, एकजण "अं", "म्हणजे" किती वेळा आले ते मोजतो, आणि एकजण काय जमले, काय फसले ते तोंडावर सांगतो.

एवढे तर आपल्या पारावर बिनपैशात होईल. आठवड्यातून एक रात्र, दहा माणसे, एक घड्याळ. पहिला विषय: यंदा पऱ्हाटीला एकरी खर्च किती आला, हाती किती आले. शेरोशायरी नको, पुढाऱ्यांची नावे नकोत, आपला हिशेब सांगा. बायांना वेगळे बसवू नका. पहिली पाळी त्यांचीच ठेवा. आमच्यासारख्या जुन्या वक्त्यांनीही यावे, घड्याळाची गरज खरे तर आम्हालाच आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीचा पहिला तास कधीही माईक न धरलेल्यांसाठी राखून ठेवला आहे. प्रत्येक गावाने दोन नावे तालुका प्रमुखांकडे द्यावीत, त्यातले एक बाईचे.