माश्या कोणाच्या?

पावसाळ्याच्या तोंडाशीं दरसाल एक अर्ज कोठल्या ना कोठल्या ग्रामपंचायतीच्या किंवा तहसील कचेरीच्या दप्तरीं दाखल होतो. गांवाजवळ कोणी मोठी पोल्ट्री उभारलेली असते. ताटावर, पाण्याच्या भांड्यावर, पाळण्यांतील मुलाच्या डोळ्यांवर माश्यांचे थवे बसतात. दिवसां स्वयंपाक करणें बायामाणसांस नकोसें होतें. आणि अखेर गांवकरी अर्जाखालीं सह्या व अंगठे करून सरकारकडे दाद मागतात. त्यावर मालकाचें उत्तर ठरलेलें असतें. माश्या सर्वत्रच असतात, त्या कांहीं आमच्या शेडचा शिक्का घेऊन बाहेर पडत नाहींत, आणि औषध तर आम्ही मारतोंच! अर्ज दप्तरांत पडून राहतो. माश्या मात्र दप्तरांत राहत नाहींत.

माशी कोणाची, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, आणि त्याचें उत्तरही अवघड नाहीं. ज्याच्या ओल्या घाणींत ती जन्मली त्याची ती माशी. घरमाशीची मादी एका वेळीं शंभर ते दीडशें अंडीं घालते, आणि तेंही आयुष्यांत अनेक वेळां. उन्हाळ्याच्या उष्म्यांत अंडें एका दिवसाच्या आंत फुटतें, अळी थोड्याच दिवसांत पोसते, तिचा कोष होतो, आणि अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचा सारा प्रवास सात ते दहा दिवसांत उरकतो. यांतील शेवटची अवस्था तेवढी आपल्या डोळ्यांस खुपते, आणि आपले बहुतेक उपायही तिच्यावरच चालतात. परंतु या कुळाचें मूळ ओलाव्यांत आहे. कोंबडीच्या ताज्या विष्ठेंत सुमारें तीन चतुर्थांश पाणी असतें. अळीला तें मानवतें. तीच विष्ठा वाळून ओलावा शेंकडा तिसांच्या खालीं गेला कीं तींत अळी वाढत नाहीं.

आतां हिशेब पाहावा. अंडीं देणारी एक कोंबडी दिवसाकांठीं सुमारें शंभर ग्रॅम ओली विष्ठा टाकते. दहा हजार कोंबड्यांच्या शेडखालीं रोज जवळजवळ एक टन माल सांचतो, आणि पुष्कळ ठिकाणीं तो पिंजऱ्यांखालीं महिनेच्या महिने उचलला जात नाहीं. वारा खेळता असेल तर या ढिगांच्या कोरड्या शंकूसारख्या राशी होतात व त्या फारसा उपद्रव देत नाहींत. परंतु पाणी पाजण्याच्या नळीची एक तोटी गळत असली, किंवा छपराची पागोळी आंत येत असली, तर तेवढ्या कोपऱ्यांतून गांवास पुरून उरेल इतकी फौज निघते. चार आण्यांच्या वायसराकडे दुर्लक्ष करावें आणि विषाच्या बाटल्यांवर हजारों रुपये खर्चावे, यास कोणी व्यवहारचातुर्य म्हणत असेल तर म्हणो!

माश्यांनीं कोणी मरत नाहीं, असा एक युक्तिवाद ऐकूं येतो. १८९८ सालच्या स्पेन-अमेरिका युद्धांत अमेरिकेच्या लष्करी छावण्यांतून विषमज्वरानें कहर केला, तेव्हां चौकशीस गेलेल्या वैद्यांस भोजनाच्या तंबूंत अन्नावर फिरणाऱ्या माश्यांच्या पायांवर पांढरा चुना दिसला. तो शौचाच्या चरांवर टाकलेला चुना होता. यापरता बोलका पुरावा कोणत्या न्यायालयापुढें आला असेल? अलीकडील काळांत पाकिस्तानांतील गांवांवर झालेला एक प्रयोग १९९९ सालीं लॅन्सेट या वैद्यक नियतकालिकांत प्रसिद्ध झाला; माश्या आटोक्यांत आणल्यावर तेथील मुलांचे अतिसार शेंकडा २३ नीं घटले. हा प्रयोग औषध फवारून केलेला होता हें आम्ही लपवीत नाहीं. फवाऱ्यानें तात्पुरतें काम होतें; त्यावर सदासर्वकाळ विसंबतां येत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कारण माशी फार लवकर विष पचवूं लागते. डी. डी. टी. चे कीटकनाशक गुण शोधल्याबद्दल पॉल म्युलर यांस १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्याच्या आधींच, १९४६-४७ च्या सुमारास, स्वीडन व इटली या देशांतून डी. डी. टी. स दाद न देणाऱ्या माश्यांच्या वार्ता आल्या होत्या. त्यानंतर निघालेल्या अनेक विषांची गत तीच झाली. शिवाय जुन्या कोरड्या खतांत माशीचीं अंडीं व अळ्या खाणारे लहान भुंगेरे आणि कोळीवर्गी किडे असतात, तिच्या कोषांत आपलीं अंडीं घालणाऱ्या सूक्ष्म गांधिलमाश्या असतात. खतावर सरसकट फवारा मारणारा मालक हे बिनपगारी पहारेकरी आधीं मारतो. जाणते लोक म्हणूनच खत एकदम खरवडून नेत नाहींत. टप्प्याटप्प्यानें काढतात आणि तळाचा कोरडा थर राहूं देतात.

काढलेलें खत पुढें कोठें जातें, हेंही पाहिलें पाहिजे. शेडबाहेर उघड्यावर ओतलेला व पावसानें भिजलेला ढीग म्हणजे कारखाना बंद करून त्याची शाखा उघडण्यासारखें आहे. १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं काडीकचरा व शेण यांचे थर रचून खत करण्याची जी पद्धति सिद्ध केली, ती जगभर इंदूरच्याच नांवानें ओळखली जाते. नीट रचलेल्या ढिगाच्या पोटांत इतकी आंच उत्पन्न होते कीं अळी तेथें तगत नाहीं. कडा थंड राहतात म्हणून ढीग वेळेवर उलटावा लागतो, इतकेंच. ज्या देशाच्या नगराचें नांव या विद्येला मिळालें त्या देशाच्या शेतकऱ्यास आज परदेशी विषाची पिचकारी घेऊन उभें राहावें लागतें, ही गोष्ट आम्हांला खेदकारक वाटते. गोठ्यांचेंही असेंच आहे. गव्हाणीखालीं भिजून कुजलेला चारा व शेण यांत ती चावरी माशी वाढते, जी गाईम्हशींचे पाय रक्तबंबाळ करते आणि दूध घटविते. हॉटेलवाले आणि मिठाईवाले यांस दोनच शब्द सांगतों: निळ्या दिव्याचें विजेचें यंत्र मिठाईच्या परातीवर टांगूं नका, कारण फुटलेल्या माशीचे तुकडे खालीं पडतात, आणि खरकट्याचें पिंप मागच्या दारास लावून ठेवूं नका.

आतां कायद्याकडे वळूं. लोकोपद्रवाची व्याख्या १८६० च्या दंडसंहितेंत होती, ती १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्यें आली आहे. कांहीं लोकांची सोय वा लाभ होतो म्हणून उपद्रव क्षम्य ठरत नाहीं, हें तत्त्व त्यांत कायम आहे. गांवाला रोजगार देतों, हा बचाव म्हणून निरुपयोगी. दंड मात्र एक हजार रुपयांपर्यंतच आहे, आणि तो भरून मोकळें होणें धंदेवाल्यास परवडतें. खरें हत्यार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्यें आहे, जें पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचें कलम १३३ होतें. लोकांच्या आरोग्यास वा शारीरिक स्वास्थ्यास बाधक असा धंदा नियमित करण्याचा किंवा थांबविण्याचा हुकूम त्याखालीं दंडाधिकारी काढूं शकतो. याच कलमाखालीं रतलामच्या रहिवाश्यांनीं आपल्या नगरपालिकेस खेंचलें होतें, आणि १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं तिजोरींत पैसा नाहीं हा पालिकेचा बचाव धुडकावून लावला. नगरपालिकेस जें कारण चाललें नाहीं तें खाजगी मालकास कसें चालावें?

येथें एक अन्याय टाळावा असें आम्हांला वाटतें. मांसाच्या कोंबड्यांच्या धंद्यांत पुष्कळ ठिकाणीं पिल्लें, खाद्य व औषधें कंपनीचीं, आणि शेड, मजुरी व घाण शेतकऱ्याची, असा करार असतो. अशा वेळीं नोटीस त्या एकट्या शेतकऱ्याच्या दारावर चिकटवून कंपनीस मोकळें सोडणें आम्हांला मान्य नाहीं. नफ्याचा मोठा वांटा ज्याचा, खताची व्यवस्था करण्याच्या खर्चांतही त्याचा वांटा असावा. दंडाधिकाऱ्यानें हुकूम काढण्यापूर्वीं करारपत्र मागवून पाहावें.

गांवकऱ्यांचे अर्ज फेटाळले जातात ते बहुधा पुराव्याअभावीं. फार माश्या आहेत, या वाक्याला न्यायालयांत वजन नसतें. परदेशांतील शेतकी खात्यांचे लोक एक सोपी युक्ति वापरतात: तीन इंच बाय पांच इंचांचीं कोरीं पांढरीं कार्डें माश्या बसतात तेथें टांगावीं, तारीख घालावी, आणि आठवड्यानें त्यांवरील माश्यांचे डाग मोजावे. एका कार्डावर आठवड्यांत शंभराहून अधिक डाग पडले तर उपाय केलाच पाहिजे असें ते समजतात. शेडजवळ, शाळेंत, आणि गांवाच्या दुसऱ्या टोकास अशीं कार्डें लावून, पंचांच्या सह्या घेऊन, तीं सहा आठवडे ओळीनें जपून ठेवावीं, आणि शेडमधील गळत्या तोट्यांच्या पंचनाम्यासह तीं अर्जाला जोडावीं.