पाणी साठवावे की वाहून आणावे?

१२ एप्रिल २०१६ रोजी सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती मार्चमध्येच जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली आणि ऑगस्टपर्यंत तिच्या शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. दुष्काळी शहरासाठी पैसा गाडीवर खर्च करावा की साठ्यावर, हा वाद तेव्हापासून सुरू आहे.

रेल्वेची बाजू भक्कम आहे. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडल्यावर साठवणुकीच्या योजना कामाच्या नव्हत्या. पाणी आजच हवे होते. रस्त्यावरचे शेकडो टँकर जे करू शकले नसते, ते एका इंजिनाने केले. कोट्याच्या कार्यशाळेत वाघिणी वाफेने धुऊन घेतल्या गेल्या, मिरजेत यार्डापर्यंत जलवाहिनी टाकली गेली. जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग रुंद झाला नसता, तर सुमारे ३४० किलोमीटरची ही सरळ वाहतूक शक्यच नव्हती.

मात्र आकडे तपासले की गाडीची मर्यादा कळते. पन्नास वाघिणी म्हणजे २५ लाख लिटर. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. म्हणजे एका फेरीत माणशी जेमतेम साडेसहा लिटर. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर. त्या उन्हाळ्यात गाडीने आणलेले सारे पाणी त्याच्या पाव टक्काही भरत नाही. शिवाय गाडी आली की काम संपत नव्हते. पाणी आधी विहिरीत, मग शुद्धीकरण केंद्रात आणि अखेर टँकरने वस्तीत जायचे. उतरवून घ्यायला जागा नसेल, तर फेऱ्या वाढवूनही नळाला पाणी येत नाही.

दुसरीकडे, साठ्याचे समर्थकही अडचणीत येतात. मांजरा हा साठाच होता आणि तो आटला. उघड्या जलाशयाचे पाणी उन्हात उडून जाते, आणि धरण भरले की त्यावर उसाचा हक्क सांगितला जातो. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण हमखास भाव मिळेल असे दुसरे पीक त्याच्यासमोर कोणी ठेवले? मिरजेच्या बाजूनेही एक रास्त प्रश्न आहे: जत, आटपाडी हे सांगली जिल्ह्यातले तालुके स्वतः तहानलेले असताना कृष्णेचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात का पाठवायचे? माणुसकीच्या नात्याने ते पाठवले गेले, हे योग्यच झाले. पण दर उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या उदारपणावर शहराचे नियोजन उभे राहू शकत नाही.

हे सारे लक्षात घेता आमचा कल साठ्याकडे आहे, पण केवळ मोठ्या धरणाकडे नाही. पहिला खर्च शहराच्या टाक्यांवर, गळक्या जलवाहिन्यांवर आणि भूजल पुनर्भरणावर व्हावा, कारण पाणी धरणातून येवो वा गाडीतून, शेवटी ते इथेच थांबते. गाडीची सोयही मोडीत काढू नये. मिरजेची भरणव्यवस्था आणि लातूरची उतरवण्याची जागा वापरण्याजोगी ठेवायला लागणारा पैसा ऐन टंचाईतल्या धावपळीपेक्षा कमीच असेल.

सर्वांत कठीण निर्णय पावसाळ्यानंतर होतो, जेव्हा कालवा सल्लागार समिती धरणातल्या पाण्याची वाटणी ठरवते. २०१६च्या सप्टेंबरात मुसळधार पाऊस झाला, मांजरा भरले आणि घाई ओसरली. पण घाई नसते तेव्हाच, म्हणजे भरल्या धरणाच्या वर्षी, दोन वर्षांचे पिण्याचे पाणी राखून मगच सिंचनाला सोडावे. यात शेतकऱ्याचे नुकसान होईल, हे मान्य करून त्याच्या भरपाईची तरतूदही त्याच बैठकीत व्हावी, अशी आमची सरकारला विनंती आहे.