सल्ला अनेकांचा, निवड कोणाची?

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांपुढे शासन हतबल दिसले, ते सल्ल्याच्या अभावी नव्हे. उच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००५ मध्ये न्यायालयाला, तर इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २००६ मध्ये राज्य शासनाला अहवाल दिला. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे पाच अहवाल २००४ ते २००६ या काळात केंद्राकडे गेले. नापिकी, वाढता उत्पादनखर्च, कर्जबाजारीपणा ही कारणे वारंवार मांडली गेली.

मग निर्णय काय झाले? १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिचा मोठा वाटा सिंचन प्रकल्पांकडे वळला; थकीत व्याज माफ झाले, मुद्दल मात्र डोक्यावर राहिले, आणि कापसाच्या भावाला हात लागला नाही. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टर ठरली. कोरडवाहू चार हेक्टरांचा धनी बागायती दोन हेक्टरवाल्याहून दरिद्री असू शकतो, हे त्या मोजपट्टीला ठाऊक नव्हते. सावकाराचे कर्ज तर तिच्या हिशेबातच नव्हते.

उत्पादनखर्चावर किमान पन्नास टक्के अधिक हमीभाव द्यावा, ही आयोगाची शिफारस २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात आली नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली. पण स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याज वगळूनच खर्च मोजला गेला. शब्द आयोगाचा, अर्थ मात्र अर्थखात्याचा!

आज राज्यकारभार मंत्रालयापुरता उरलेला नाही. आयोग, बँका, संशोधन संस्था, खाजगी सल्लागार अशा अनेकांच्या संगनमताने वा संघर्षाने धोरण आकार घेते. सल्लागार वाढणे वाईट नाही. परंतु प्रत्येकजण थोडा थोडा सहभागी असला की कोणीच पुरता जबाबदार राहत नाही. भांडवलाला सोयीचा सल्ला 'व्यवहार्य' ठरतो, शेतकऱ्याला सोयीचा 'विचाराधीन' राहतो.

म्हणून लढा केवळ नव्या समितीसाठी नको. कोणती शिफारस स्वीकारली, कोणती नाकारली आणि का, हे शासनाने मराठीत लेखी जाहीर करावे व प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी पुसदपासून वणीपर्यंत गावोगाव नेली पाहिजे. ज्याच्या शेतावर निर्णयाची किंमत वसूल होते, त्याला त्या निर्णयाचा जाब विचारण्याचा पहिला अधिकार आहे.