आधी गॅरेज, मग सहारा
जुन्या गाडीने आफ्रिका ओलांडायची म्हटलं की पहिली खरेदी होते टपावरच्या तंबूची आणि जादा दिव्यांची. हा अंक त्या हौसेच्या विरोधात आहे. पैसा आधी रेडिएटर, होज पाइप, बेअरिंग आणि स्प्रिंगांवर खर्च व्हावा. सहारातली बारीक धूळ एअर फिल्टर चोंदवते. कच्च्या रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या पडतात, त्या मैलोन्मैल गाडी हादरवून नटबोल्ट सैल करतात आणि टपावर ओझं असेल तर कॅरिअरच्या सांध्यांना तडे जातात. पाण्याचा २० लिटरचा एक कॅन म्हणजे २० किलो! तो खालीच बांधा.

गाडी कोणती? माझ्या लेखी निकष एकच, वाटेतल्या गावात तिचा सुटा भाग आणि तिचा मिस्त्री मिळतो का. उदाहरणार्थ, प्यूजो ५०४ची सेडान फ्रान्समध्ये १९८३ साली बंद झाली, पण केनिया आणि नायजेरियात ५०४ पुढेही कित्येक वर्षं बनत राहिली.

मऊ वाळूत टायरची हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. मात्र कडक रस्ता लागताच हवा पुन्हा भरायलाच हवी, नाहीतर टायर तापून फाटतो. म्हणून या अंकात पंपाला आम्ही तंबूपेक्षा जास्त पानं दिली आहेत.