चढवलीत खरी, उतरवणार कशी?

गड चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे जातात, हे पुण्यातल्या प्रत्येक वीकेंड ट्रेकरला पाठ असतं. घसरतो कोण? तर वर पोचून, पिठलं-भाकरी हाणून, फोटोबिटो काढून ‘झाला बुवा ट्रेक’ म्हणून रिलॅक्स झालेला गडी. हाच फंडा चार फुटी लोखंडी दांड्यालाही लागू पडतो, हे कळायला मला मात्र एका जिवलग मित्राचं मनगट मोडावं लागलं.

दांडा म्हणजे हाय-लिफ्ट जॅक. जिप्सी, थार असल्या गाड्यांच्या पाठीवर नाहीतर टपावर आडवा बांधलेला, ओळीनं भोकं पाडलेला तो उंच प्रकार तुम्ही सिग्नलला नक्की पाहिला असेल. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमफिल्ड गावात १९०५ साली ही चीज सुरू झाली. ऑफरोडिंगवाल्यांच्या आधी ती शेतकऱ्यांची. ट्रॅक्टर उचलायचा, कुंपणाचे खांब उपटायचे, असली कामं. चार फुटी जॅकचं वजन साधारण १३ किलो आणि उचलायची ताकद दोन टनांच्या वर. माझी सेकंडहँड जिप्सी जेमतेम टनाची. म्हणजे मुंगीसाठी हत्ती!

खरं सांगू? मी जॅक घेतला तो दिसायला भारी म्हणून. अस्सल कंपनीचा नाही, त्याच धर्तीचा. दोन वर्षं तो माझ्याबरोबर एफसी रोडवर हिंडला. कामाला एकदाही आला नाही, पण एंट्री मात्र झक्कास व्हायची.

सुरुवातीला तो मागच्या सीटखाली नुसता सरकवून ठेवला होता. एकदा एक्स्प्रेस वेवर पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला, मी मारला, जॅकनं मात्र मारला नाही. तो सरळ पुढे येऊन माझ्या सीटच्या पायावर धाडकन आदळला. गाडी साठच्या वेगात असेल तर गाडीतली प्रत्येक सुटी वस्तूही साठच्याच वेगात असते, हे अकरावीच्या फिजिक्समध्ये शिकलो होतो. कळलं त्या दिवशी. मग जॅक बाहेर गेला. मागच्या स्टेपनीजवळ दोन ब्रॅकेट, चांगले बोल्ट, वर कुलूप. हँडल खडखडू नये म्हणून रबराची क्लिप. पुढच्या बंपरवर लावायचा मोह अनेकांना होतो, पण कुणी पायी माणूस समोर आला तर तो लोखंडाचा तुकडा त्याच्या मांडीत घुसेल. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना सांगितलं, ते याच काळजीपोटी.

आता मुद्द्याचं. चार वर्षांपूर्वीचा जुलै. मी, समीर आणि त्याचा चुलतभाऊ ताम्हिणीच्या अलीकडे एका कच्च्या रस्त्याला वळलो. तांबडी माती, तीन दिवसांचा पाऊस. अर्ध्या किलोमीटरवर जिप्सीचं मागचं डावं चाक चाकोरीत असं बसलं, की फिरवलं की आणखी खाली.

‘काढ रे तुझं खेळणं,’ समीर म्हणाला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पहिली फजिती लगेच झाली. जॅकचा तळ जेमतेम चार इंच बाय सात इंचांचा. हँडल मारलं की गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच चिखलात खाली. शेजारच्या खाचरात लावणी चालली होती. तिथून एक आजोबा आले, बांधावरची जाड फळी आणून जॅकखाली सरकवली. मग मात्र मागच्या लोखंडी बंपरला धरून गाडी खटक-खटक वर आली. चाक सुटलं. खाली दगड भरले. आम्ही टाळ्या दिल्या, फोटो काढला.

आजोबा बाजूला उभे होते. म्हणाले, ‘चढवलीत खरी पोरांनो. आता उतरवणार कशी, ते ठरलंय का?’

आम्ही हसलो. त्यात काय ठरवायचं? समीरचा एक हात हँडलवर होता. हँडल दांड्याशी उभं नव्हतं, अर्धवट खाली होतं. मी ऐटीत लॅच खाली पाडला.

पुढचं दोन सेकंदांत घडलं. गाडीचं सगळं वजन हँडलवर आलं, ओल्या हातातून ते सुटलं आणि खाडकन वर उसळलं. जॅक आडवा, गाडी दगडांवर, समीर चिखलात मनगट धरून. क्षणभर आधी तो वाकून चाक बघत होता. हँडल जिथून गेलं, तिथे त्याचा जबडा होता.

मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. आता तुम्ही म्हणाल, सुटला स्वस्तात. पण समीर ढोल वाजवतो. पथकाचा सराव सुरू झाला होता. त्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याचं पथक लक्ष्मी रोडवरून गेलं, तेव्हा तो माझ्या शेजारी फुटपाथवर उभा होता. गळ्यात हात अडकवलेला, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. मला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जॅक घेऊन मी नाना पेठेतल्या आमच्या मेकॅनिक मामांकडे गेलो. त्यांनी जॅककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘वाचलंस का कधी, कसा चालतो तो?’

तर बॉस, तो असा चालतो. आत दोन पिना असतात, त्या आलटून पालटून दांड्याच्या भोकांत शिरतात. एक वजन धरते, तोवर दुसरी वर चढते. शिडी चढणाऱ्या माणसाचे दोन पाय म्हणा ना. उतरवताना तेच उलटं, फक्त एक फरक. आता वजनच हँडलला वर ढकलत असतं आणि प्रत्येक पायरीला ते तुमच्या हातात येतं. हात सुटला की मामला खल्लास. म्हणून लॅचला हात लावायच्या आधी हँडल दांड्याला चिकटून सरळ उभं हवं. मग दोन्ही कोरडे हात, पक्की पकड, पाय फाकवून बाजूला उभं राहायचं. हँडल आणि दांडा यांच्यामधली जागा ही डोकं घालायची जागा नव्हे. चढवतानासुद्धा नाही, कारण अर्ध्यात सोडलेलं हँडल तेव्हाही उसळतंच.

आणखी एक गंमत. पायरी-पायरीनं उतरायला जॅकवर किमान ६८ किलोच्या आसपास वजन लागतं. चाक जमिनीला टेकून वजन गेलं, की उचलणारा भाग दांड्यावरून सरळ घसरतो. तिथे बोटं नकोत.

मामांनी बाकीचंही ऐकवलं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, पाना पडला तरी नाही. उचलायच्या आधी हँडब्रेक, गिअर, फोर बाय फोर लावायचं आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. उंच दांड्यावरची गाडी बाजूला कलंडायला वेळ लागत नाही, त्यामुळे हवं तेवढंच उचलायचं, इंचभर जास्त नाही. हँडलजवळचा एक बोल्ट वजन हाताबाहेर गेलं की मुद्दाम तुटावा असाच बनवलेला असतो. तिथे ‘मजबूत’ बोल्ट बसवणारा स्वतःला शहाणा समजतो. आणि बाहेर टांगलेल्या जॅकच्या पिनांत माती-गंज बसतो, मग पिन अर्धवट शिरते. प्रत्येक ट्रिपच्या आधी ब्रश, स्प्रे आणि दहा-बारा वेळा वर-खाली.

आजच्या गाड्यांच्या प्लॅस्टिक बंपरला तर हा जॅक लावायचाच नाही, बंपर हातात येईल. त्यांच्यासाठी चाकाच्या रिमला धरणारे हुक मिळतात. त्यांचा मोठा फायदा म्हणजे थेट चाकच उचललं जातं. बंपर धरून उचललं की आधी बॉडी हातभर वर जाते, स्प्रिंगा लांबतात आणि चाक आपलं खालीच.

पण सगळ्यात मोलाचा सल्ला वेगळाच होता. फावडं कुठंय? मामा म्हणाले, आधी चाकापुढची माती काढ, टायरची हवा कमी कर, मग बघ. दहातल्या किती वेळा जॅक लागतो ते मोज. जॅक शेवटचा. आणि डांबरी रस्त्यावर पंक्चर झालं तर गाडीबरोबर आलेला छोटा जॅक बरा.

त्यानंतर सलग चार रविवार मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिप्सी वीतभर उचलायचो आणि उतरवायचो. सेक्रेटरी काकांनी ‘इथे गॅरेज काढलंय का?’ म्हणून विचारलं. तिसऱ्या रविवारी तेच खुर्ची टाकून बसले. चौथ्या रविवारी समीर आला, प्लास्टर निघालेला हात खिशात घालून. पाच मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, ‘सरक.’

आता आमचा एक रिवाज झालाय. लॅच पाडायच्या आधी मी ओरडतो, ‘हँडल?’ तो म्हणतो, ‘उभं.’ ‘हात?’ ‘दोन.’ ‘माणसं?’ ‘लांब.’ बघणाऱ्यांना हसू येतं. येऊ दे. मागे एकदा वेल्ह्याजवळ दुसऱ्या एकाची थार अशी काढून दिली. तो टाळ्या द्यायला पुढे धावला, तेव्हा समीरनं त्याला हातानंच थोपवलं.

‘थांब मित्रा,’ म्हणाला, ‘अजून उतरायचंय.’