फेरी रद्द करण्याआधी
(एसटी महामंडळाला खुले पत्र)

मा. उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ यांस,



1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. 1 जून 2022 रोजी त्याच मार्गावर विजेवर चालणारी पहिली 'शिवाई' निघाली. दोन्ही दिवसांचा महामंडळाने अभिमान बाळगावा. हे पत्र मात्र एका बिननावाच्या गाडीबद्दल आहे : संध्याकाळी तालुक्याहून सुटणारी, गावात मुक्काम करणारी आणि सकाळी पोरांना घेऊन परत निघणारी साधी लाल गाडी.

मुक्कामी गाडी गावात शिरली की चालक ती देवळासमोर वळवून, तोंड रस्त्याकडे करून लावतो. वाहक रोकड आणि तिकिटाचे मशीन सांभाळत जेवणाचा डबा उघडतो. झोपायला गाडीतलीच सीट, नाहीतर ग्रामपंचायतीची ओसरी. शौचालयाचे विचारूच नये. उजाडता उजाडता तीच गाडी दप्तरे, दुधाच्या किटल्या, मेथीच्या जुड्यांची पोती आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे घेऊन निघते. आमदारांसाठी राखीव लिहिलेल्या सीटवर बहुधा एखादी आजी असते. त्या सीटचा याहून बरा उपयोग कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

आगारात गाड्या कमी पडल्या, की पहिली कुऱ्हाड या गाडीवर पडते. लांब पल्ल्याची फेरी सहसा रद्द होत नाही, कारण तिथे उत्पन्न आहे. खेड्यातल्या फेरीसाठी कागदावर एकच शब्द पुरतो : भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण. चौकशीच्या खिडकीतून उत्तर येते, "आज गाडी नाही." उद्या असेल का, ते खिडकीलाही ठाऊक नसते.

या हिशेबातच चूक आहे. संध्याकाळची गाडी येईल याची खात्री नसेल, तर माणूस सकाळीही एसटीने जात नाही. तो मोटारसायकल काढतो, नाहीतर वडापच्या जीपला लटकतो. म्हणजे रद्द झालेल्या एका फेरीमुळे चालू असलेल्या दुसऱ्या फेरीचेही भारमान घसरते. पुढच्या तिमाहीत तीही तोट्यात दिसते आणि तिच्यावरही काट मारली जाते. प्रवासी एसटी सोडून गेले असे मग म्हटले जाते; आधी कोण कुणाला सोडून गेले, हे आगाराच्या नोंदवहीत तारखेसकट सापडेल.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022 पर्यंत लांबला. संपाच्या मागण्यांबद्दल मतभेद असतील, पण त्या महिन्यांत खेड्यापाड्यांत कर्जावर घेतलेल्या मोटारसायकली संप मिटल्यावर कुणी विकल्या नाहीत.

पर्यावरणाचा हिशेबही मांडू, पण सोयीचा नको. साधी बस लिटरभर डिझेलमध्ये साधारण पाच किलोमीटर जाते, मोटारसायकल लिटरभर पेट्रोलमध्ये पन्नासेक. गाडीत दहाच माणसे असतील, तर माणशी इंधन एकट्या मोटारसायकलस्वाराइतकेच जळते. तीस माणसे असतील तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागते. म्हणजे रिकामी धावणारी एसटी हवा वाचवत नाही, भरलेली वाचवते. ती भरायची तर वेळ पाळावी लागते, आणि आज आहे उद्या नाही हा खेळ बंद करावा लागतो. सध्याच्या डिझेल गाड्यांनाही हे जमेल. त्यासाठी करार झालेल्या 5,150 विजेच्या बसगाड्यांची वाट पाहत बसायला नको.

काही फेऱ्या तरीही रिकाम्याच राहतील. त्या डिझेलच्या हिशेबात बसणार नाहीत, बसवूही नयेत. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 मागास तालुक्यांमध्ये माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी मोफत गाड्या दिल्या गेल्या, त्या काही उत्पन्नासाठी नव्हत्या. आठवीनंतरची शाळा पाच-सात किलोमीटरवर असते. मुलाला घरची मोटारसायकल मिळते किंवा तो कुणाच्या तरी मागे बसतो. मुलीची गाडी चुकली की एक दिवस बुडतो, गाडी बंद झाली की शाळा सुटते आणि घरात स्थळांची चर्चा सुरू होते. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास तिच्या दप्तरात असतो, गाडी मात्र नसते.

महामंडळाची ओढाताण खोटी नाही. तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे, आणि या सवलतींचे पैसे सरकारकडून यायचे असतात. 25 जानेवारी 2025 पासून भाडेही 14.95 टक्के वाढले. या वाढीव भाड्यात निदान गाडी येण्याची हमी तरी प्रवाशाला मिळावी.

म्हणून विनंती आहे, आणि तिला नव्या गाड्या लागत नाहीत. जाती-येती फेरीचे भारमान सुटे न मोजता एकत्र मोजावे. रद्द झालेली प्रत्येक फेरी कारणासह आगाराच्या फलकावर त्याच दिवशी लिहावी. शाळेच्या वेळेची फेरी बंद करायची असेल, तर आधी मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवावे, त्यांचे म्हणणे ऐकावे आणि मगच निर्णय घ्यावा. मुक्कामाच्या चालक-वाहकांना ग्रामपंचायतीच्या मदतीने एक खोली आणि संडास मिळवून द्यावा, कारण ड्युटी टाळली जाते ती बऱ्याचदा तिथल्या हालांमुळे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी एवढे करावे.

कळावे,
एक पासधारक प्रवासी